उपवासकाळाआधीची भेट

मेन रोडवरच्या चपलांच्या दुकानात मालनबाई काळ्या बंद बुटाचा तळवा अंगठ्याने दाबून बघत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "कोणासाठी घेता, मालनबाई?" सिस्टर फिलोमिना होत्या. शाळा चालवणाऱ्या कार्मेल संघातल्या. त्या शाळेच्या पोरींचे निळे गणवेश मालनबाई गेली कित्येक वर्षं घरच्या मशीनवर शिवत आली होती, त्यामुळे ओळख जुनी, अगदी चहापाण्याची. "लेकीसाठी, मार्थासाठी," मालनबाई म्हणाली, आणि म्हणताना तिचा ऊर जरासा फुलला, खोटं कशाला सांगा. "ईस्टर झालं की सिस्टर व्हायची अखेरची व्रतं तिची. मग तुमच्यासारखं शाळेत उभं राहायचं, तर पायात धड काहीतरी नको?" सिस्टर हसल्या. मग हसता हसता थांबल्या. "त्यांना शूज नाय चालत हो. त्या अनवाणीवाल्या ना," सिस्टर म्हणाल्या. "आमचं झाड एकच, कार्मेलचं. पण एक शाखा बूट घालणारी, जुनी. मग संत तेरेजानं काढली ती अनवाणी शाखा, एकदम कडक. आणि आम्ही शाळावाल्या खूप नंतरच्या. आम्ही बाहेर काम करतो, त्या आत राहून आमच्यासाठी प्रार्थना करतात." मालनबाई म्हणाली, "आत्ता आत आहे, ते ठाऊक आहे मला. पण ट्रेनिंग संपलं की..." "ट्रेनिंग कुठलं? तेच लाइफ आहे त्यांचं," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरंच मोठा आदर होता, "व्रतं झाली की पक्कं. किती मोठं भाग्य बघा. मेल्यावरसुद्धा आतच पुरतात त्यांना, तिथल्याच बागेत."

बूट तिने फळीवर ठेवले. दुकानदार दुसरा नंबर काढायला गेला होता, त्याला काही न सांगता ती बाहेर पडली. बाहेर सगळं जिथल्या तिथं होतं. टांग्याचा घोडा तोबरा हुंगत उभा होता, कुणी बाई पंचवटीतून आणलेल्या मेथीच्या जुड्या उन्हातून सावलीत सरकवत होती, सायकलवाले घंट्या वाजवत होते. मालनबाई त्यातून चालली होती, पण पाय तिचे नव्हते. तिथल्याच बागेत. म्हणजे त्या भिंतीआडची ती बाग, जिच्यातल्या आंब्याचा शेंडा तेवढा बाहेरून दिसतो आणि जिच्याकडे बघून ती दर खेपेला मनात म्हणायची, सावली तरी आहे पोरीला. आपणच असं म्हणत होतो. ती रविवार कारंज्याशी थांबली आणि तिला धड श्वास घेता येईना. छातीवर हात ठेवून उभी राहिली, तर शेजारून जाणारा माणूस म्हणाला, "काय होतंय बाई, बसा जरा." ती बसली नाही. बसलं तर उठणं होणार नाही असं तिला वाटलं.

आता कुणी म्हणेल, इतकी वर्षं दर महिन्याला लेकीला भेटायला जात होती, जाळीतून बोलत होती, तरी हिला कळू नये? तर नाही कळलं. माणसाला जे नको असतं ते कळत नाही, त्याला शहाणपण लागत नाही आणि मूर्खपणाही लागत नाही. मार्था म्हणाली होती, कार्मेलमध्ये जाते. कार्मेल म्हणजे मालनबाईला ठाऊक असलेलं एकच, शाळेचं. तिथल्या सिस्टर रिक्षाने फिरायच्या, बाजारात घासाघीस करायच्या, नाताळला घरोघर यायच्या. गल्लीतल्या यशोदाबाईंची लेकसुद्धा अशीच कुठल्याशा सिस्टरांत गेली, पहिली काही वर्षं आत कोंडल्यासारखी होती, मग एक दिवस पांढऱ्या साडीत नांदगावच्या दवाखान्यात कामाला लागली आणि आता आईचं दुखलंखुपलं बघते. मालनबाईने तेच धरून ठेवलं. देवळालीच्या तोफखान्यात भरती झालेल्या पोरांनाही सुरुवातीला घरी सोडत नाहीत, हे नाशकात कुणाला ठाऊक नाही? तसंच हे. जाळी शिकाऊपणापुरती. व्रतं झाली की जाळी उघडणार. ती हे मार्थाला बोलूनही दाखवायची, "नांदगावला मिळाली शाळा तर बरं होईल बघ, माझं माहेर आहे." आणि जाळीआडून मार्था म्हणायची, "बघू या, आई." बघू या म्हणायची. फादर तेव्हा थट्टेने म्हणाले होते, नाव ठेवलंत मार्थाचं आणि पोरीनं वाट धरली मरियेची. मालनबाई हसली होती. बायबलातल्या त्या दोघी बहिणी तिला ठाऊक होत्या, एक चुलीपाशी राबणारी, दुसरी प्रभूच्या पायाशी बसून राहिलेली. बसून राहिलेली, एवढंच तिच्या ध्यानात आलं नव्हतं. कुठे बसून, कशाच्या आड, हे कुठल्या शुभवर्तमानात लिहिलंय?

घरी कारभारी, म्हणजे तिचा नवरा, ऑफिसातून येऊन पाय धुऊन बसला होता. पाटबंधारे खात्यात शिपाई होता तो, बोलणं मोजकं. तिने उभ्याउभ्याच सांगितलं. त्याने पंच्याने तोंड पुसलं, पुसतच राहिला, आणि मालनबाईला कळलं की ह्याला ठाऊक होतं. "मला वाटलं तुला समजलं असेल हळूहळू," तो म्हणाला. "कुणी समजावलं असतं म्हणजे," ती म्हणाली. "फादरनी सांगितलं तेव्हा तू मशीनवर होतीस. शिवताना गुणगुणत होतीस. मग राहिलं." राहिलं. तिला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याची दयाही आली, कारण कोरडं झालेलं तोंड तो अजून पुसतच होता. "परवा भेटीचा रविवार आहे," ती म्हणाली. "बुधवारी राख लागेल कपाळाला. मग ईस्टरपर्यंतचा सगळा उपवासकाळ भेट नाही. नंतर एकदम व्रतंच." "मग?" "मग काय. अजून व्रतं झालेली नाहीत. अजून ती येऊ शकते. ती एवढं जरी म्हणाली, आई, मला भीती वाटते, की मी तिला घेऊन येते. जास्त काही नको. तेवढंच म्हणावं तिनं." कारभारी म्हणाला, "आणि नाही म्हणाली तर?" "मी नाही येत," तो म्हणाला, "माझ्यानं बघवत नाही ते." इतक्या वर्षांत तो एकदाच गेला होता मठात, पहिल्यांदा. तेव्हा त्याला चक्कर आली होती, आणि सगळ्यांनी उन्हाला बोल लावला होता.

ते दोन दिवस तिने मशीन चालवलं नाही. चालवायला बसली की सुई एकाच जागी खालीवर होत राही आणि कापड पुढे सरकत नसे. डोळ्यांपुढे येई ती साळूबाई, तिची आत्या. नांदगावच्या घरात मागच्या खोलीत ठेवली होती तिला, छातीचा रोग म्हणून. पोरांनी तिकडे जायचं नाही अशी ताकीद होती. खोलीला एक हातभर खिडकी, तिला गज, त्यातून भाकरी आत सरकवायची. मालन लहान होती, एकदा भाकरी घेऊन तीच गेली. आतून बोटं आली. बोटं स्वच्छ होती, नखं कापलेली, बांगडीचा आवाजही झाला. आजाऱ्याची वाटत नव्हती मुळीच, आणि त्याचीच तिला भीती वाटली होती. भाकरी टाकून ती पळाली. मागून आत्या नुसती म्हणाली, "मालन का गं?" आजतागायत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. आणि मार्थाचंही आठवे. लहानपणी ती मशीनखाली जाऊन बसायची, चिंध्यांचा ढीग भोवती ओढून घ्यायची, आणि हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. तेव्हा मालनबाई कौतुकाने सगळ्यांना सांगायची, माझी लेक कशी निवांत खेळते, काही त्रास नाही. पोरगं ओ देत नाही हे कौतुकाचं असतं का? आता तिला तो पायापाशी खसफसणारा चिंध्यांचा आवाज ऐकू यायचा, आणि ती खाली वाकून बघायची सुद्धा. आई म्हणून आपण काय काय ऐकलं नाही, ह्याचा तिला थांग लागेना.

रविवारी आडगावच्या फाट्यावर एसटीतून उतरून ती कच्च्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, काढणी चाललेली, बाया खोक्यांत कागद अंथरून घड ठेवत होत्या. एकीने हाक मारली, "ओ बाई, मठात का? प्यायला पाणी हाय इथं, या." ती म्हणाली, "नको, उशीर होतोय." "तिथं काय उशीर आन् काय लवकर," ती बाई म्हणाली, "तिथल्या बायांना कुठं जायाचंय." सगळ्या हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं. मालनबाईच्या मात्र मानेवर काटा आला. ह्या बायांना ठाऊक होतं. द्राक्षं खुडणाऱ्या बायांनाही ठाऊक होतं, फक्त आईला नव्हतं.

दारावरची घंटा ओढली की बाहेरची सिस्टर येई. मठात अशी एकच, जी भिंतीच्या बाहेरच्या बाजूला राहायची, बाजारहाट करायची, पाहुण्यांना बसवायची. सिस्टर आन्ना, वसईकडची, म्हातारी, गुडघ्यांनी अधू, पण बोलायची हौस फार. तिच्या खोलीतल्या भिंतीत एक लाकडी फिरतं कपाट बसवलं होतं, पिंपासारखं उभं. त्यात वस्तू ठेवायची, ढकलायचं, ते आतल्या बाजूला फिरायचं, आणि आतल्या बाईचा हातसुद्धा बाहेरच्याला दिसायचा नाही. मालनबाईने दर खेपेसारखे शेंगदाण्याचे लाडू त्यात ठेवले. कपाट फिरलं, आतून कुणीतरी "देव भलं करो" म्हणालं. आजवर हे तिला मोठं गमतीचं वाटत आलं होतं. आज तिने विचारलं, "सिस्टर, तुम्हाला नाही का कधी आत जावंसं वाटलं?" सिस्टर आन्ना म्हणाली, "मला? माझं तोंड बघताय ना, मिनिटभर बंद राहत नाही. आत राहायला वेगळी माती लागते बाई. तुमची मार्था तसल्या मातीची." मालनबाईला वाटलं, माती माझीच आहे की. माझ्याच पोटची.

भेटीची खोली थंड होती. एक बाक, भिंतीवर क्रूस, आणि समोर ती जाळी. एक नव्हे, दोन. लोखंडी, एकीमागे एक, मध्ये वीतभर अंतर, म्हणजे इकडची बोटं तिकडच्या बोटांना लागायला नकोत. पलीकडे काळा पडदा. पडदा सरकला तेव्हा मार्थाचा चेहरा दिसला, चौकोनाचौकोनांत कापलेला, तपकिरी झगा, पांढरी पट्टी. ती हसली. तिच्या मागे नेहमीचा अंधार होता. पहिल्या वर्षांत त्या अंधारात एक वडील सिस्टर बसलेली असायची, भेटीभर, काही न बोलता. तशी रीतच होती म्हणे, नव्या मुलीला एकटीला भेटू देत नसत. मालनबाईला त्याचं तेव्हा काही वाटलं नव्हतं. सुनेला भेटायला माहेरचं माणूस आलं की सासू मधल्या दारात तांदूळ निवडत बसतेच की. आजही मागे काहीतरी पांढुरकं, उंच, होतं. मार्था बोलली, "बाबा नाही आले?" "कामं आहेत त्यांना." "तू वाळलीस, आई." "तू वाळलीस." मग मालनबाईने विचारलं, "पायात काय घालतेस गं?" मार्थाला नवल वाटलं. "दोरीच्या चपला. आम्हीच विणतो. का?" "अनवाणी म्हणतात ना तुम्हाला." मार्थाने मान खाली घातली. आईला सगळं समजलंय, हे तिला कळलं.

"तू मला सांगितलं नाहीस," मालनबाई म्हणाली, "की तू बाहेर यायचीच नाहीस." बाहेर मळ्यात कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. "सांगायचं होतं," ती म्हणाली. "पहिल्या भेटीतच सांगायचं होतं. तू नांदगावच्या शाळेचं काढलंस. इतकी खुशीत होतीस. मग दर वेळी वाटायचं, पुढच्या वेळी सांगू. आणि तू दर वेळी आणखी काहीतरी ठरवून यायचीस, खोली कशी लावायची, सुट्टीत काय करायचं. माझं तोंड उघडेना." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आई, मला भीती वाटते." मालनबाई बाकावरून पुढे सरकली. "रात्रीची नाही," मार्था म्हणाली, "दिवसाढवळ्या. कपडे वाळत घालताना. भिंतीपलीकडून ट्रॅक्टर जातो, बाया हसतात, आणि मला वाटतं, मी इथं ज्याच्यासाठी आले तो इथं नसलाच तर? मी जन्मभर एका रिकाम्या खोलीशी बोलत राहिले तर? मदरना सांगितलं मी. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कुणी धरून ठेवलेलं नाही तुला, राहायचं का जायचं ते तूच ठरव. पण माझ्यानं ठरत नाही गं. तू सांग. तू म्हणालीस ना, चल, तर मी आजच मदरना सांगते आणि येते."

हेच हवं होतं. हेच शब्द ती दोन दिवस मागत होती, आणि ते आले होते, मागितल्यापेक्षा जास्तच आले होते. चल, एवढंच म्हणायचं. तिने तोंड उघडलं आणि त्याच क्षणी मार्थाच्या मागे, त्या अंधारात, लाकूड करकरलं. कुणीतरी खुर्चीत हललं असावं. ते पांढुरकं तिथंच होतं. ऐकतंय कुणीतरी. पोरगी हे सगळं ऐकणाऱ्याच्या देखत बोलून बसली, आता ही राहिली तर हिचं इथं काय होईल, आणि नेऊ म्हटलं आणि मदरनी नाही सोडलं तर ह्याच लोकांत हिला नांदायचंय. आणि तिचं तोंड तिच्या हातात राहिलं नाही. "असं बोलू नये बाळा," ते तोंड म्हणालं, मोठ्याने, गोड आवाजात, मागच्या अंधारालाही नीट ऐकू जाईल असं. "सुरुवातीला होतंच तसं सगळ्यांना. रुळशील. किती चांगली माणसं आहेत इथली, सांभाळून घेतात. आपल्या घराला बट्टा लागेल असं काही करायचं नाही."

हे शब्द तिचे नव्हतेच. गोजराबाईचे होते, तिच्या आईचे. देवळ्याच्या सासरी, लग्नाला चार महिने झाले असताना, आई भेटायला आली होती. सासू उपाशी ठेवायची, आणि मालनने आईला ते कसंबसं सांगितलं, दारामागे सासूची सावली असताना. आई हेच म्हणाली होती, अगदी ह्याच गोड आवाजात, रुळशील गं. पण म्हणताना आईने तिचा तळहात हातात घेऊन असा करकचून दाबला होता की बांगडी वाढली. तो दाब म्हणजे खरं बोलणं. तोंडचं बोलणं सासूसाठी, हाताचं तिच्यासाठी. आठवड्यात भाऊ गाडी घेऊन न्यायला आला, आणि मग कारभारीने नाशकात वेगळी खोली केली तेव्हाच ती परत नांदायला गेली. त्या हाताने तिला जगवलं होतं. बायकांना हे शिकवावं लागत नाही. मालनबाईचा हात आपसूक पुढे गेला, बोटं जाळीतून आत शिरली, पेरांपर्यंत, आणि तिथंच अडकली. वीतभर अंतर. तिने डोळ्यांनी खुणावलं, पण दोन जाळ्यांमधून, त्या उजेडात, डोळे कुणाला दिसणार? मार्था तिच्याकडे बघत होती. तिने शब्दच ऐकले होते. चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू मिटत गेलं आणि ती अगदी शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "बरं, आई." आतली घंटा वाजली. "मारथू," मालनबाई म्हणाली, "थांब जरा, ऐक," पण पडदा सरकला होता, आणि दोरीच्या चपलांचा आवाज होत नाही.

सिस्टर आन्ना चहा घेऊन आली तेव्हा मालनबाई जाळीला धरून उभी होती. "तिच्या मागं कोण बसलं होतं?" तिने विचारलं. "मागं? कुणी नाही." "पांढरं दिसत होतं. खुर्ची वाजली." "अहो, ते पांढरे झगे. गायनाच्या वेळचे. खुंटीला असतात तिथं. आणि ह्या लाकडाचं काय, ऊन तापलं की सगळं घर करकरतं," सिस्टर आन्ना म्हणाली. "ऐकत बसायची रीत केव्हाच गेली. रोमहून नवे नियम आले ना. कुठल्या कुठल्या मठांनी तर जाळ्यासुद्धा काढल्या म्हणतात, आमच्याकडे जाळी राहिली तेवढी. तुमची मार्था एकटीच होती." एकटी होती. कुणीच ऐकत नव्हतं. त्या सगळ्या जगात दोघीच होत्या, आणि आपण कुणासाठी बोललो?

"तिला परत बोलवा," ती म्हणाली. "आता नाही हो येता येणार, प्रार्थनेला गेल्या सगळ्या." "मला तिला एक सांगायचं राहिलंय. लय महत्त्वाचं आहे, सिस्टर, तुमच्या पाया पडते." सिस्टर आन्नाने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि चहा खाली ठेवून दुखऱ्या गुडघ्यांनी फिरत्या कपाटाशी गेली. तिथली लहान घंटा वाजवली, लाकडाला तोंड लावून आतल्या बाईशी हळू बोलली. मग दोघी थांबल्या. मालनबाई मनात शब्द जुळवत होती. चल. मी खोटं बोलले, चल. मी बाहेर थांबते, संध्याकाळपर्यंत थांबते, उद्यापर्यंत थांबते, चल. आता ती म्हणणार होती, सगळ्या मठाला ऐकू गेलं तरी म्हणणार होती. कपाटापलीकडून पावलं आली नाहीत, नुसता आवाज आला, कुणा दुसऱ्याच बाईचा, सौम्य, निरोप सांगताना असतो तसा. "सिस्टर मार्था म्हणतात, आईला घरी जाऊ दे, उन्हं उतरायला लागली. मी बरी आहे म्हणावं. ती म्हणाली ते पटलं मला. भीती गेली माझी."

"बघा," सिस्टर आन्ना हसून म्हणाली, "उगीच जीव टाकत होता." निरोप दुसरीच्या तोंडून आला, तरी त्यातला मार्थाचा तो गोड आवाज मालनबाईने ओळखला होता. कुणाच्या तरी देखत बोलायचा आवाज, तो आता पोरीलाही आला होता, आणि तो आज ह्या बाकावर बसून आपणच तिला शिकवला होता. भीती गेली नव्हती. तिने फक्त ती सांगायचं बंद केलं होतं. मालनबाई कपाटाशी गेली आणि त्याच्या फळीवर तिने तळहात ठेवून, तिच्या आईने दाबला होता तसा, जीव खाऊन दाबला. फळी तिच्या हाताखालून आतल्या बाजूला फिरली.